परक्या हातची चूल

‘जुनी चप्पल घाल आणि येताना एक काड्यापेटी घेऊन ये. गावात मिळेल म्हणून तशीच येऊ नकोस, गावातली चालत नाही.’ मैत्रिणीनं फोनवर एवढंच सांगितलं आणि फोन ठेवून दिला. ही तिची जुनी सवय. कलकत्त्याच्या एका शाळेत आम्ही दोघींनी उभी हयात एकाच स्टाफरूममध्ये काढली. ती इतिहास शिकवायची, मी भूगोल. इतिहासवाल्यांचं एक असतं, युद्धांची कारणं ते तासभर सांगतील, पण चालत्याबोलत्या माणसाला नुसती आज्ञा पुरे असं त्यांना वाटतं.

निवृत्त झाल्यावर ती आपल्या गावी राहायला गेली. गाव फार लांब नाही. सियालदहहून बराकपूरपर्यंत लोकल, तिथल्या घाटावरून लाँचनं गंगेपलीकडे, मग बस, आणि शेवटी टोटो नावाची बॅटरीवरची रिक्षा, जी प्रत्येक खड्ड्यात आपल्याला आपल्या वयाची आठवण करून देते. तिनं कितीदा बोलावलं, पण गुडघ्याचं निमित्त सांगून मी टाळत आले होते. त्या वर्षी मात्र तिचा आवाज वेगळा होता. घाटाजवळच्या पानवाल्याकडून मी काड्यापेटी घेतली आणि पर्समध्ये टाकली. देवळात उदबत्ती लावायची असेल, असं वाटलं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. माझा जन्म खिदिरपूरचा. वडील साताऱ्याकडून गोदीत कारकून म्हणून आले, आणि पुढच्या वर्षी परत जाऊ म्हणता म्हणता इथेच म्हातारे झाले. घरात मराठी, उंबरठा ओलांडला की बंगाली, अशी मी वाढले. माझ्या बंगालीवरून कुणाला कधी शंका येत नाही. शंका येते ती मराठीवरून. पुण्याची आतेबहीण अजून म्हणते, ‘तू मराठी छान बोलतेस गं,’ आणि मला तिच्या हातातली बशी काढून घ्यावीशी वाटते.

शाळेत शिकत असताना इतिहासात एक धडा आला की वर्गातल्या साऱ्या माना माझ्याकडे वळायच्या. अठराव्या शतकात मराठ्यांचे बारगीर बंगालवर चालून आले तो धडा. इथे त्यांना बर्गी म्हणतात. आपल्याकडे आपण त्या स्वाऱ्यांचा अभिमान बाळगतो, इथे अजून आया मुलांना बर्ग्यांची भीती घालून भरवतात. त्यांच्या धास्तीनं कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता. बर्गी शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदकही अर्धाच राहिला, आणि पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. मी त्याच रस्त्यानं बसमधून शाळेत जायची. मुली चिडवायच्या तेव्हा मी रडत घरी यायची. वडील म्हणायचे, ‘सांग त्यांना, आम्ही घोड्यावरून नाही आलो. आम्ही थर्ड क्लासनं आलो.’

गावात पोचले तेव्हा मैत्रीण अंगणात माझी वाट बघत होती. हे अंगण तिच्या चुलत काकूचं, म्हणजे काकीमांचं. नव्वदीच्या घरातली बाई, ऐकू कमी, पाठीत वाकलेली, पण नजर अशी की मी अंगणात पाय ठेवताक्षणी माझी चप्पल तपासून झाली. ‘चालेल ना ही?’ त्यांनी पुतणीला विचारलं. चालेल म्हणजे पायी चालेल. मी मान डोलावली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग मैत्रिणीनं कारण सांगितलं. सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी बंगालमध्ये पुष्कळ घरांत चूल पेटत नाही, आदल्या दिवशी शिजवलेलं थंडच खातात. ते षष्ठीदेवीचं व्रत म्हणून. या गावातल्या बायकांना विचारा, त्या म्हणतील, बर्ग्यांमुळे. बर्गी आले तेव्हा गाव रातोरात नदीपलीकडच्या बांबूच्या बनात पळालं. परत आलं तर घरं जळलेली आणि चुली मात्र विझलेल्या. साऱ्या गावात विस्तव म्हणून उरला नव्हता. पलीकडच्या गावची कुणी एक बाई मडक्यात निखारे घालून घेऊन आली, तिनं पहिली चूल पेटवली आणि तिच्यावरून घरोघरी विस्तव गेला. म्हणून आजही त्या दिवशी गावातल्या बायका बनापर्यंत चालत जातात, तिथे थंड जेवतात, आणि परतल्यावर पहिली चूल गावाबाहेरच्या बाईनं पेटवायची. तिनं बायकांबरोबर सगळी वाट चाललेली असली पाहिजे, आणि काडी तिनं बाहेरून आणलेली. दिवेलागणीच्या आत चूल पेटली नाही तर त्या घराची पाळी गेली, मान पुढच्या घराला.

‘यंदा पाळी काकीमांची,’ मैत्रीण म्हणाली. ‘मागच्या वेळी आली तेव्हा त्या बाळंतपणाला माहेरी होत्या. सासूनं चूल मांडली, त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही. पुढची पाळी यायला इतकी घरं आहेत...’ काकीमा ओट्यावर बसून सरपण निवडत होत्या. वाळक्या काटक्या एकीकडे, जाड लाकडं एकीकडे, नारळाच्या शेंडीची किशी टोपलीत. अंगणातली चूल ताज्या मातीनं सारवलेली होती आणि तिच्या कडेनं तांदळाच्या पिठाची अल्पना रेखली होती, आपल्या रांगोळीसारखी. पर्समधली काड्यापेटी मला एकदम जड वाटायला लागली.

त्याच दुपारी आम्ही निघालो. पूर्वी बायका मुकाट्यानं जायच्या आणि यायच्या. मैत्रिणीनं निवृत्तीनंतर त्यात आपली मास्तरकी घुसवली होती. वाटेत ठिकठिकाणी थांबायचं, आणि म्हाताऱ्या बायकांनी आपल्या सासूकडून काय ऐकलं ते सुनांना सांगायचं. गावाचा इतिहास कुठल्याच पुस्तकात नाही, तो असा पायाखाली आणि तोंडात आहे. पहिला थांबा होता तळ्याचा. पळताना बायकांनी इथे घरातली भांडी बुडवून ठेवली होती. एक म्हणाली पितळेची, दुसरी म्हणाली छे, सोन्याचा हंडासुद्धा होता, तिसरी म्हणाली सोनं असतं तर तुझ्या सासऱ्यानं तळं उपसलं नसतं का? खूप हसल्या. मैत्रिणीनं कुणालाही खोटं पाडलं नाही. वर्गात हीच बाई एका चुकलेल्या सनासाठी मुलींचे गुण कापायची.

पुढे बटाट्याच्या शेतांमधून, मोहरीच्या पिवळ्या तुकड्याला वळसा घालून, विटांच्या एका उंचवट्यापाशी आलो. तिथे धान्याचं कोठार जळलं होतं म्हणतात. विटा काळ्या, काही ठिकाणी वितळून काचेसारख्या झालेल्या. मी वाकून एक हातात घेतली. भूगोलाची बाई म्हणून मी आयुष्यभर दगडमाती हाताळली आहे, पण ती वीट मला धरवेना. खाली ठेवली आणि साडीला हात पुसले. माझ्या शेजारी काकीमांची नातसून होती, कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी. ती म्हणाली, ‘दीदी, दमलात का?’ मी म्हटलं, ‘थोडीशी.’

काकीमा काठी टेकत सगळ्यांच्या मागून येत होत्या. त्यांना टोटोनं नेऊ म्हटलं होतं, पण त्या ऐकेनात. पाळी घराची, मग चालायचं घरानं.

पाणी आटलेल्या त्या छोट्या नदीवरचा बांबूचा साकव ओलांडून आम्ही बनात शिरलो. तिथे एक शेंदूर फासलेला दगड आहे. पळून आलेल्यांत एक लेकुरवाळी होती, तिनं रात्रभर पोराला छातीशी धरून गप्प ठेवलं आणि त्यामुळे सगळे वाचले, असं सांगतात. बायका त्या दगडाला हात लावतात आणि मग आपल्या मुलाच्या ओठांवर बोट ठेवतात. त्या बनात कुणी मोठ्यानं बोलत नाही. केळीच्या पानांवर जेवण वाढलं गेलं तेही कुजबुजतच. काहीही न चिरता अख्खंच्या अख्खं उकडलेलं सगळं, छोटे बटाटे, छोटी वांगी, मटाराच्या शेंगा, हिरवे मूग, आणि आदल्या दिवशीचा भात. वर बोरांची आंबटगोड चटणी. थंडगार. मी इतकी भुकेली होते की मला ते पक्वान्न वाटलं.

नातसून मुलीला भरवत होती आणि मुलगी तोंड फिरवत होती. एक घास, दुसरा घास, सगळा भात हनुवटीवर. शेवटी तिनं मुलीच्या कानाशी जाऊन हळूच म्हटलं, ‘खा बघू, नाहीतर बर्गी येईल हं.’

आणि मी म्हणाले, ‘येईल कशाला, आलीय की. मीच बर्गी.’

उचलली जीभ लावली टाळ्याला. आई म्हणायचीच, या मुलीच्या जिभेला हाड नाही. शिवाय माझा आवाज मास्तरणीचा, मागच्या बाकापर्यंत जाणारा. साऱ्या बनाला ऐकू गेलं. कुणीतरी पानावरचा हात तसाच थांबवला. नातसुनेला आधी गंमत वाटली, मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘म्हणजे?’

‘म्हणजे मी मराठी आहे.’

मी मैत्रिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक. ती माझ्याजवळ सरकली आणि कुजबुजली, ‘अगं, माझ्या लक्षातच नाही आलं.’

‘काय लक्षात नाही आलं?’

‘की तू मराठी आहेस.’

माझ्या डब्यातल्या पुरणपोळ्या या बाईनं वर्षानुवर्षं खाल्ल्या. माझ्या आईच्या तेराव्याला ती आमच्या घरी पानं वाढत होती. ती थट्टा करत नव्हती. खरोखरच विसरली होती. मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की मला जन्मात कुणी याहून मोठं काही दिलेलं नाही. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

कारण कुजबुज सुरू झाली होती. शेजारच्या घरची एक बाई होती, साठीची, ठसठशीत, कपाळावर मोठा कुंकवाचा टिळा. ती म्हणाली, ‘बर्ग्यांच्या हातानं पहिला विस्तव? आपण आज इथे कशासाठी बसलोय मग?’ पुढची पाळी तिच्याच घरची होती, हे मैत्रिणीनं मला हळूच सांगितलं. तरी तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिच्या घराण्यातल्या कुणा खापरपणजीचं घर जळलं होतं, माझ्या कुणाचं जळलं नव्हतं. मी म्हटलं, ‘मी नाही पेटवत. दुसरी कुणी बघा.’ पण दुसरी कुठून आणायची? बाहेरची, आणि सगळी वाट चाललेली, अशी त्या बनात मीच एकटी होते. आणि उन्हं कलायला लागली होती.

हे सगळं काकीमांना कळलंच नव्हतं. त्या दगडाशेजारी बसून शांतपणे बोरं चोखत होत्या. कुणाचीच त्यांच्या कानात ओरडून सांगायची छाती होईना. परतीची सगळी वाट ती बातमी आमच्याबरोबर चालली. विटांचा उंचवटा गेला, मोहरी गेली, तळं गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मी स्वतःला शिव्या घालत होते. एक विनोद गिळला असता तर या म्हातारीच्या अंगणात आज चूल पेटली असती. मागे वळून पाहिलं तर काकीमा काठीनं खडे बाजूला सारत येत होत्या. चालण्याची घाई होती त्यांना, नवी नवरी वरातीत चालेल तशी.

अंगणात सगळं गाव जमलं होतं. बायकांच्या हातांत पणत्या, विस्तव न्यायला. आता घरोघरी गॅस आहे, पण त्या संध्याकाळी लायटर चालत नाही, पणतीवरूनच शेगडी पेटवतात. काकीमा चुलीपाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘ये, बस.’

मी हलले नाही. शेवटी मैत्रीण त्यांच्या कानाशी वाकली आणि ओरडली, ‘काकीमा, ही मराठी आहे! बर्ग्यांच्या मुलखातली!’

काकीमांनी माझ्याकडे वर पाहिलं.

‘मुलूख कुठला तुमचा?’

‘सातारा. पण मी जन्मले खिदिरपूरला.’

‘आणि आज सगळी वाट चाललीस?’

मी पाय पुढे केले. चप्पल, टाचा, साडीचा काठ, सगळं धुळीनं माखलेलं. काकीमांनी ते नीट पाहिलं. मग शेजारणीकडे वळून त्या मोठ्यानं म्हणाल्या, कमी ऐकणारी माणसं बोलतात तसं, ‘हिच्या लोकांनी आपली चूल विझवली ना? मग पेटवून द्यायला दुसऱ्या कुणाला कशाला बोलवायचं? ज्यानं विझवली त्यानंच यावं.’ आणि माझ्याकडे हात करून म्हणाल्या, ‘ये बाई. फार उशीर केलास हो.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा दोष धुरावर टाकायची सोय नव्हती, धूर अजून व्हायचा होता.

मी खाली बसले. गुडघा कटकन वाजला. काडी ओढली, किशीला लावली, किशी भुर्रकन जळून विझली. दुसरी काडी. तिसरी. माझा जन्म गेला गॅसच्या शेगडीपुढे, मातीची चूल मी फक्त सहलीत पाहिलेली. खरा बर्गी असता तर त्यानं डोळे मिटून पेटवली असती. धूर सगळा माझ्या तोंडावर, विस्तवाचा पत्ता नाही. आकाश जांभळं होत चाललं होतं, काकीमा माझ्या हातांकडे बघत होत्या, आणि पेटीतल्या काड्या संपत आल्या होत्या.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या शेजारी धपकन बसलं. ती कुंकवाचा टिळा लावणारी शेजारीण होती. ‘काय हे! लाकडं आधी घालतात का?’ ती करवादली. ‘काटक्या उभ्या कर. मध्ये जागा ठेव, वारं कुठून जाईल? हं, आता लाव. लावायची तूच. फुंकायला माझं मी बघते, फुंकायला काय नियम नाही.’

मी काडी लावली. शेजारीण आडवी होऊन, गाल फुगवून खालून फुंकायला लागली. मीही फुंकायला लागले. आमची डोकी एकमेकींवर आपटली. मग काटक्यांनी चटचट आवाज केला आणि ज्वाळा वर आली. बायकांनी उलूध्वनी केला, जीभ हलवून काढलेला तो लांबलचक मंगल आवाज, आणि काकीमांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. पहिली पणती शेजारणीनंच लावून घेतली. जाताना मला म्हणाली, ‘तोंड धू, माकडासारखं काळं झालंय.’

चुलीवर पहिल्यांदा दूध तापतं आणि पहिला पेला पेटवणारीला मिळतो. नव्या खजुराच्या गुळाचा खडा त्यात घातलेला. तो पेला मी तिथेच धुरात बसून प्यायले. पलीकडे नातसून मुलीला दूध पाजत होती, मुलगी पुन्हा तोंड फिरवत होती. नातसुनेनं सवयीनं तोंड उघडलं, ‘पी, नाहीतर...’ आणि माझ्याकडे बघून जीभ चावली. काकीमांना तेवढं मात्र ऐकू आलं. त्या म्हणाल्या, ‘सांग की. बर्गी येईल म्हणून सांग. आली तर दूध तापवून देईल.’

काकीमा त्याच वर्षी पावसाळ्यात गेल्या. झोपेतच. मैत्रिणीनं फोनवर नेहमीसारखं एकच वाक्य सांगितलं आणि ठेवला. मी त्या दिवशी बराच वेळ गॅसपुढे उभी होते, काही न करता. आयुष्यभर मी या शहरात कुणाच्या घरात किती आत जायचं ते जोखत आले. त्या बाईनं माझ्यासाठी थेट चुलीपाशी जागा केली. याचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून मी दर वर्षी जाते. चूल दुसऱ्याच घरी असते, पेटवणारीही दुसरी. मी नुसती चालते, आणि विटांच्या उंचवट्यापाशी आता मैत्रीण मलाच बोलायला लावते, तिकडच्या मुलखात याबद्दल काय सांगतात ते सांग म्हणून. मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. काही जणी वाद घालतात.

परवा नातसुनेचा फोन आला. यंदाच्या सरस्वतीपूजेला येताय ना विचारायला. मी म्हटलं, गुडघा फार दुखतोय गं, बघते. मागे ती मुलगी जेवायला बसली असावी. आता चांगली बोलते, हट्टही चांगला करते. ताट ढकलल्याचा आवाज आला. नातसून फोन तसाच हातात धरून तिच्यावर ओरडली, ‘मुकाट्यानं खा, नाहीतर बघ! बर्गी येणार नाही!’

पलीकडे एकदम शांतता झाली, आणि मग चमच्याचा आवाज आला. मी म्हटलं, ‘सांग तिला, येतेय.’